जेन अँड्र्यूचं तिसरं नाव

पंडित गणवीरच्या आयुष्यातल्या निम्म्या गमती त्याच्या नावाने केल्या, आणि उरलेल्या निम्म्या त्याने स्वतःच्या हट्टाने ओढवून घेतल्या. सत्त्याण्णव साली तो व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला नोकरीसाठी आला आणि नीट सामान लावून व्हायच्या आत त्याला पहिला फोन आला. पलीकडून एक अनोळखी गृहस्थ अदबीने विचारत होते, "पंडितजी, येत्या शनिवारी गृहप्रवेश आहे. सत्यनारायण सांगाल का?"

झालं होतं असं, की त्या अपार्टमेंटमधल्या आपल्या लोकांनी एकमेकांचे फोन नंबर लिहून ठेवले होते आणि त्यात याचं नाव नुसतंच 'पंडित' असं पडलं होतं. पुढचं सगळं गळलं. भंडाऱ्याकडचा हा पक्का बौद्ध माणूस. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि दारामागे निळा झेंडा. तो शांतपणे म्हणाला, "पूजा येत नाही. कॉम्प्युटर बंद पडला असला तर येतो." शेजारचा पुण्याचा उल्हास त्याला म्हणायचा, "अरे यार, करून टाक ना एकदा, शिरा तरी मिळेल!" बायको रत्ना तर फोन वाजला की आतूनच ओरडायची, "अहो भटजी, तुमचाच असंल!"

नाव बापाने मुद्दाम ठेवलेलं होतं. डोमाजी गणवीर खेड्यातल्या भातगिरणीवर पोती उचलायचे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला. तेव्हा ते बायकोला म्हणाले, "आता या गावात आपल्याला अरे-तुरे करणाऱ्या प्रत्येकाला माझ्या पोराला हाक मारायची तर पंडितच म्हणावं लागेल." आणि तसंच झालं. गावचा पाटील "ए पंडित, बाजूला हो" म्हणायचा आणि डोमाजी गिरणीच्या दारात उभे राहून मिशीतल्या मिशीत हसायचे.

पंडितचं काम त्या दिवसांत सगळे आपले लोक करत होते तेच. जुन्या प्रोग्रॅमवाल्यांनी जागा वाचवायला सालातले पहिले दोन आकडे गाळून टाकले होते, दोन हजार साल तोंडावर आलं होतं, आणि गाळलेलं शोधून परत जागेवर बसवायचं होतं. या कामाला लोक कंटाळायचे. पंडितला ते मनापासून आवडायचं. कुणीतरी आळसाने काहीतरी अर्धवट लिहून ठेवलंय हे दिसलं, की त्याला रात्री जेवण जायचं नाही. हा रोग जुना होता. तो कुठून लागला ते पोस्टात कळलं.

पोस्ट म्हणजे गावाबाहेरच्या जुन्या रस्त्यावरचं, दोन खिडक्यांचं. वडिलांना दर महिन्याला पत्र आणि फोटो पाठवायला पंडित तिथे जायचा. डावीकडच्या खिडकीवर पाटी होती, 'ओ. टॉलिव्हर'. ओ म्हणजे ओडेसा, पण पंडितला ते कळेपर्यंत त्याने ती पाटी आपल्या पद्धतीने वाचली होती. आपण "ओ काका", "ओ मास्तर" म्हणतो ना, तसंच हेही असावं असं धरून तो पहिल्याच दिवशी खिडकीशी वाकून म्हणाला, "ओ टॉलिव्हर!" आतली साठीकडे झुकलेली, जाडजूड, काळीसावळी बाई चष्म्यावरून बघत राहिली. मग त्याने आपल्याकडे 'ओ' कसं वापरतात ते समजावलं. ती इतकी हसली की मागची रांगही हसायला लागली. तेव्हापासून ती त्याची ओ टॉलिव्हरबाई.

पाकिटावरचं नाव वाचून तिनेच एकदा विचारलं, "यातलं तुझं कुठलं, बापाचं कुठलं?"

"पंडित माझं. डोमाजी वडिलांचं. गणवीर घराण्याचं. आमच्याकडे तीन नावं झाली म्हणजे माणूस पुरा होतो."

मग त्याने शाळेचा किस्सा सांगितला. पहिलीत गुरुजी हजेरी घ्यायचे तेव्हा बाकीच्या पोरांची तिन्ही नावं वाचायचे आणि याच्या वेळी नुसतं "पंडित डोमा". आडनाव नाही, वडिलांच्या नावाला 'जी' नाही. त्यांच्या वस्तीतल्या सगळ्याच पोरांची नावं तशी दोनच लिहिलेली. घरी कळल्यावर डोमाजी म्हणाले, "जोवर तिन्ही नावं घेत नाहीत, तोवर हजर म्हणू नको." पोरगं बापाच्या शब्दाचं. गुरुजी ओरडले, छडी उगारली, पण हा पहिल्या रांगेत मांडी घालून गप्प. लागला आठवडाभर गैरहजेरीचा शेरा. मग तपासनीस आले. त्यांनी हजेरी पाहिली, पोराकडे पाहिलं आणि गुरुजींना विचारलं, "हा समोर बसलाय तो कोण?" गुरुजी म्हणाले, "गैरहजर आहे साहेब." सगळा वर्ग फुटला. त्या दुपारी नाव पुरं लिहिलं गेलं.

ओडेसाबाई हसता हसता थांबल्या. "आमच्या काळ्या लोकांना ते शेवटचं नाव मिळायला तर एक युद्ध व्हावं लागलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि तो शब्द कुठला, हजेरीला उत्तर द्यायचा?"

"हजर."

"हा-जर," त्यांनी घोकला. पुढे पंडित दारातून आत आला, की खिडकीतून आवाज यायचा, "हा-जर!" आणि त्याचं नाव पडलं डोमाजीचा पोरगा.

आता चर्चची गोष्ट. मराठी बौद्ध मंडळी त्या भागात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भीमजयंती करायची तर हॉल हवा. मोठे हॉल महाग, शाळेत नियम फार. कुणीतरी पंडितला सांगितलं, की स्टोनी रन ओढ्याच्या काठी एक जुनं, प्रेस्बिटेरियन पंथाचं चर्च आहे, तळघरात चांगला हॉल आहे, विचारून बघ. तो गेला. दार मिस एलनॉर गॅलब्रेथ यांनी उघडलं. ऐंशी ओलांडलेली, ताठ कण्याची, बिनलग्नाची बाई. चर्चमध्ये पाद्री येत-जात राहायचे, मिस गॅलब्रेथ कायम होत्या. त्यांनी विचारलं, "जयंती कुणाची?"

"ज्यांनी आम्हाला माणूस म्हणून उभं केलं, त्यांची."

"मग हॉल घ्या," त्या म्हणाल्या. "कमिटीला मी सांगते." या प्रेस्बिटेरियन लोकांना कमिटी नेमल्याशिवाय अंगणातलं पानही उचलवत नाही, पण मिस गॅलब्रेथ सांगायला गेल्या की कमिटी फक्त माना हलवायची.

भाडं त्यांनी घेतलं नाही. पंडितच्या जिवाला ते लागून राहिलं. काहीतरी काम सांगा म्हणून तो मागेच लागला, तेव्हा त्यांनी त्याला चर्चमागच्या स्मशानभूमीत नेलं.

उतारावर ओक वृक्षांखाली दगडच दगड. सतराशे नव्वदच्या सुमारास स्कॉटलंडहून आयर्लंडमार्गे आलेली, कर्जबाजारी नसली तरी उपाशी अशी काही कुटुंबं या ओढ्यावर थांबली. प्रार्थनेसाठी ओंडक्यांची खोपी बांधायला घेतली, आणि तिच्यावर छप्पर चढायच्या आत पहिलं प्रेत पुरावं लागलं. म्हणजे हिशेबाने स्मशान चर्चपेक्षा थोरलं. पुढे विटांचं चर्च झालं. एका हिवाळ्यात घटसर्प आला, त्यात गेलेल्या पोरांच्या लहान दगडांची एक अख्खी ओळ आहे, तिथे मिस गॅलब्रेथ चालता चालता थांबायच्या. यादवी युद्धात सैनिकांनी चर्चची बाकं जाळून हात शेकले. गुरं आत शिरतात म्हणून युद्धाच्या आधीच भोवती गडगा घातलेला. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, आणि दीडशे वर्षं होत आली तरी एक चिरा हललेला नाही. "हा गडगा मंडळीतल्या हातांनी बांधलाय," मिस गॅलब्रेथ अभिमानाने म्हणाल्या.

काम असं होतं, की दगडांवरची अक्षरं झिजत चालली होती. ती पुसून जायच्या आत सगळी नावं कॉम्प्युटरवर चढवायची. आणि घाई आणखी एका कारणाने होती. आजूबाजूला नवी घरं उठत होती, रस्ता रुंद व्हायचा होता, आणि काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा कचेरीने आखलेली रेघ गडग्याच्या बाहेरच्या पट्ट्यातून जात होती. त्या पट्ट्यात एकच दगड होता.

पंडितने घरी बसून झकास प्रोग्रॅम बनवला. त्यात तीन रकाने केले: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. तिन्ही सक्तीचे. एक जरी रिकामा राहिला तरी पान पुढे सरकणार नाही. अमेरिकेत मधलं नाव म्हणजे वेगळीच भानगड असते, आजीचं असतं, मामाचं असतं, काहींना नसतंच, हे त्याच्या गावीही नव्हतं. आणि गंमत म्हणजे दगडांनी त्याला साथ दिली! बायकांच्या दगडांवर सरळ लिहिलेलं, 'मार्गारेट, सॅम्युअल क्रेगची पत्नी'. पंडितने आनंदाने चढवलं: मार्गारेट सॅम्युअल क्रेग. पोरांच्या दगडांवर 'अमक्याचा मुलगा'. तेही बसलं. संध्याकाळी घरी येऊन तो रत्नाला म्हणाला, "हे लोक आपल्यासारखेच आहेत गं! उगाच आपण परके समजत होतो."

पहिली यादी छापून त्याने हॉलमध्ये लावली आणि रविवारी चर्चमध्ये हसण्याचा पूर आला. एक म्हातारी पोट धरून म्हणाली, "माझ्या पणजीला बाप्याचं नाव कुणी दिलं? ही तर अ‍ॅग्नेस! अ‍ॅग्नेस रॉबर्ट कशी झाली?" पंडितला चूक कळली तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. पण मिस गॅलब्रेथनी यादी नाकाला लावून वाचली आणि म्हणाल्या, "राहू द्या. कोण कुणाची होती ते एका ओळीत कळतंय. आम्हाला हे दोनशे वर्षांत सुचलं नाही." कमिटीने माना हलवल्या.

शेवटी राहिला तो गडग्याबाहेरचा दगड. तो घडवलेला संगमरवर नव्हता. शेतात मिळतो तसला करडा दगड, रस्त्याला लागून, गवतात गुडघाभरही नाही. त्यावर छिन्नीने ठोकलेल्या दोन ओळी. वर जेन, खाली अँड्र्यू.

"ही जेन अँड्र्यू," मिस गॅलब्रेथ म्हणाल्या. "वाटसरू असावी कुणी. आजारी पडून इथेच गेली असेल. या भागात अँड्र्यू आडनावाचं कुणी नव्हतं कधी. मी लहानपणापासून तिला डॅफोडिलची फुलं वाहते." काउंटीच्या माणसाने त्यांना सांगितलं होतं, की कुणी वारस पुढे आला तर त्याचं ऐकावं लागेल. नाही आला, तर उन्हाळ्याच्या आधी जेनला उचलून दूरच्या बेवारस लोकांच्या जागेत नेऊन ठेवतील. तिथे दगड नसतात, नुसते आकडे असतात. ते सांगताना मिस गॅलब्रेथचा ताठ कणा थोडासा वाकला.

पंडितने घरी येऊन पहिल्या रकान्यात जेन लिहिलं, दुसऱ्यात अँड्र्यू, आणि तिसरा रिकामा. प्रोग्रॅम अडला. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा अडला. त्याचा स्वतःचाच प्रोग्रॅम, एका मिनिटात अट काढता आली असती. रत्नाने तसं सुचवलंही. पण तो पडद्याकडे बघत बसला आणि त्याला एकदम शाळेतली जमीन आठवली, शेणाने सारवलेली, आणि गुरुजींचा आवाज. पंडित डोमा. जेन अँड्र्यू.

"रत्ना, हे आडनाव नाही. हे बापाचं नाव असेल नाहीतर नवऱ्याचं. अँड्र्यूची जेन! तिसरं नाव कुठे गेलं?"

"अहो, तुम्हाला इतक्यात तोंडावर पाडलंय ना त्या अ‍ॅग्नेसने? हे लोक असं लिहीत नाहीत. पुन्हा हसं करून घ्याल."

"आत असती तर मानलं असतं. ही बाहेर आहे."

गावाच्या कडेबाहेर कोण राहतं, हे त्या दोघांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या गडग्याकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच पंडितला ते आत-बाहेर खटकलं होतं. पाहुण्याने यजमानाच्या घरात असं बोलू नये म्हणून तो बोलला नव्हता. त्याला राग आला होता. मिस गॅलब्रेथ त्याला मनापासून आवडायच्या, आणि तरीही राग आला होता. दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मिस गॅलब्रेथना विचारलं, "हा दगड खाली खणून कुणी पाहिलाय?"

"थडगं उकरायचं?" त्या दचकल्याच.

"थडगं नाही. दगडापुढची माती. तुमचा रस्ता बघा. वर्षानुवर्षं खडी पडून केवढा चढलाय. दगड तिथेच आहे, जमीन वर आलीय. हे नाव अर्धं आहे. खाली अजून एक ओळ असणारच."

"असणारच कशावरून?"

"कारण ज्याने एवढी मेहनत घेऊन दोन नावं कोरली, तो तिसरं विसरणार नाही."

याला काही पुरावा म्हणत नाहीत. मिस गॅलब्रेथनी बराच वेळ विचार केला आणि कमिटीला न विचारता हो म्हटलं. त्यांच्या आयुष्यात हे बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

मार्चमधला शनिवार होता. ऊन पडलेलं, पण वारा बोचरा. मिस गॅलब्रेथ घडीची खुर्ची टाकून, मांडीवर शाल घेऊन बसल्या. माती घट्ट निघाली. दगडाला ओरखडा उठू नये म्हणून कुदळ लावायची नाही, आणि प्लॅस्टिकचं खुरपं तर पहिल्या फटक्यात मोडलं. पंडितने गाडीतून पिशवी आणली आणि तीतून नागपूरहून आणलेलं स्टीलचं उलथणं काढलं.

"अहो! काऊन आणलं ते? माझं पोळीचं उलथणं!" रत्ना कळवळली. "इथे मिळत नाही तसलं!"

"धुवून देतो."

"थडग्याची माती लागलेलं उलथणं मी तव्याला लावणार नाही, सांगून ठेवते."

मिस गॅलब्रेथनी भांडण कशावरून चाललंय ते विचारलं. कळल्यावर त्या म्हणाल्या, "मिसेस गणवीर, चर्च तुम्हाला नवीन घेऊन देईल." रत्ना म्हणाली, "चर्चला इंडियाला जावं लागेल." आणि तिघंही हसत सुटले.

उलथण्याने काम मात्र छान होत होतं. खडीचा थर निघाला, मग लाल माती, मुळं. अँड्र्यूच्या खाली रिकामा दगड. आणखी खाली, रिकामाच. पंडितच्या मानेवर घाम आला. आता नाहीच निघालं तर जेन आकडा होऊन जाणार होती, आणि मिस गॅलब्रेथना खोटी आशा लावल्याचं पाप त्याच्या माथ्यावर.

मग उलथण्याची कड खाचेत अडकली.

त्याने बोटाने माती पुसली. एक उभी रेघ, वर आडवी. टी. मग ओ. पुढे एल, आणि एल एकच होता. पण कोरणाऱ्याला नंतर चूक कळली असावी, कारण दुसरा एल त्याने वरच्या बाजूला बारीक करून दाटीवाटीने बसवला होता. नाव नवीन होतं, लिहायची सवय नव्हती, पण एक अक्षरसुद्धा कमी पडू द्यायचं नव्हतं. रत्ना बाटलीतलं पाणी ओतत गेली आणि पंडित एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेला. मिस गॅलब्रेथ खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या.

"टॉलिव्हर," त्या पुटपुटल्या. "जेन अँड्र्यू टॉलिव्हर."

पंडित उत्तर द्यायला थांबलाच नाही. त्याच्या ओळखीत या नावाचं एकच माणूस होतं. शनिवारी पोस्ट दुपारपर्यंत उघडं असे. त्याने गाडी काढली आणि गुडघ्यापर्यंत माती, हातात उलथणं अशा थाटात तो पोस्टात शिरला. अमेरिकेत एक वेळ माणूस मारलेला चालेल, पण रांग मोडलेली चालत नाही. त्याने मोडली.

"ओ!" तो धापा टाकत म्हणाला. "ओ टॉलिव्हरबाई!"

"हा-जर! डोमाजीच्या पोरा, रांगेत ये. आणि हातातलं ते हत्यार खाली ठेव."

"तुमचं नाव सापडलं."

"माझं हरवलं कधी होतं?"

"जेनचं. जेन अँड्र्यू टॉलिव्हर."

ओडेसाबाईंच्या हातातला शिक्का हातातच राहिला. मग त्यांनी खिडकीवर 'बंद'ची पाटी उलटवली. रांगेनेच त्यांना वाट करून दिली.

त्या आल्या, गुडघे दुखत असूनही दगडापुढे खाली बसल्या आणि त्या दाटीने बसवलेल्या एलवर बोट फिरवत राहिल्या. "माझी आजी सांगायची," त्या म्हणाल्या, "आमचा मूळपुरुष अँड्र्यू गवंडीकाम करायचा. गुलाम असताना हा गडगा त्याने रचलाय, त्याने आणि आणखी चौघांनी. सुटका झाली, त्याने स्वतःला आडनाव निवडलं आणि दोनच वर्षांत त्याची जेन गेली. त्याला लिहिता येत नव्हतं. तेवढी तीन नावं तो कुणाकडून तरी शिकला. आमच्या घरात दगडावर नाव लागलेली ती पहिली. चर्चच्या आसपास आहे एवढंच माहीत होतं."

मिस गॅलब्रेथचा चेहरा पांढरा पडला होता. "तुमची आई माझ्याकडे आली होती, खूप वर्षांपूर्वी. टॉलिव्हर नावाचा दगड आहे का म्हणून. मी आतला प्रत्येक दगड पाहिला आणि नाही म्हणून सांगितलं."

"आतला," ओडेसाबाई म्हणाल्या.

"हो. आतला. आणि गडगा मंडळीतल्या हातांनी बांधलाय म्हणून सगळ्यांना सांगत आले. कुणाच्या हातांनी, ते कधी विचारलंच नाही." मिस गॅलब्रेथ त्यांच्या शेजारी ओल्या मातीत बसल्या. ऐंशी ओलांडलेली बाई, इस्त्रीचा स्कर्ट, तशीच बसली. मग ओडेसाबाईंनी विचारलं, "ही डॅफोडिल कोण ठेवतं?"

"मी. सात वर्षांची होते तेव्हापासून."

ओडेसाबाईंनी मान हलवली आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

काउंटीच्या बैठकीला टॉलिव्हर घराण्यातली इतकी माणसं आली, की खुर्च्या कमी पडल्या. बोलल्या मात्र मिस गॅलब्रेथ, आणि त्या बोलत असताना रस्त्याचा अभियंता नुसतं पाणी पीत होता. रस्ता तिथे आधीच वळत होता. तो पलीकडच्या मक्याच्या शेतात अजून थोडा वळवायचं ठरलं. चर्चच्या कमिटीनेही एकमताने ठराव केला, की गडगा पुढे वाढवून जेनला आत घ्यावं. त्यांना वाटलं ओडेसाबाई खूश होतील.

"नको," ओडेसाबाई म्हणाल्या. "तिने आत यायला कधी अर्ज केला नव्हता. तिच्या नवऱ्याचेच दगड तिच्याभोवती पुन्हा कशाला रचता? दार पाडा तिथे. ज्याला यायचं त्याने यावं, जायचं त्याने जावं."

तसा रस्त्याकडचा गडगा फोडला. पहिला दगड मिस गॅलब्रेथनी हलवायचा प्रयत्न केला आणि तो हलेना. "चांगला गवंडी होता," त्या म्हणाल्या. शेवटी पंडित आणि उल्हासने पहार लावली.

भीमजयंती त्या वर्षी चौदा एप्रिलनंतरच्या शनिवारी त्याच हॉलमध्ये झाली, आणि जेनचा दगड वर उचलून नीट बसवायचा कार्यक्रमही त्याच सकाळी. सगळी मंडळी एकत्र. रत्नाने नागपुरी तर्रीचा रस्सा केला होता. प्रेस्बिटेरियन लोक तो चाखून डोळ्यांतून पाणी काढत पुन्हा वाढून घेत होते. टॉलिव्हर बायकांनी तळलेलं चिकन आणि मक्याची भाकरी आणली होती, आणि रत्ना त्यातल्या एकीकडून कृती विचारत होती. पंडितच्या प्रोग्रॅमने आदल्या दिवशी तिन्ही रकाने गुपचूप गिळले होते.

दगड उभा राहिला. आता तिन्ही ओळी जमिनीच्या वर होत्या. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, ओडेसाबाईंच्या चर्चच्या लोकांनी गाणं म्हटलं, आपल्या मंडळींनी त्रिशरण म्हटलं. मग सगळे थांबले आणि आता पुढे काय करायचं ते कुणालाच कळेना. ओडेसाबाई त्या नव्या वाटेत, गडग्याच्या दोन टोकांच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी पंडितला खूण केली.

"डोमाजीच्या पोरा, हजेरी घे."

पंडित दगडासमोर सरळ उभा राहिला. भंडाऱ्याच्या त्या खेड्यात म्हातारे डोमाजी या वेळी झोपलेले असतील, उद्या पत्रात सगळं लिहायचं, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं. त्याने शाळेत घेतात तशा खणखणीत आवाजात, एकेक नाव सुटं सुटं घेत वाचलं,

"जेन. अँड्र्यू. टॉलिव्हर."

ओडेसाबाईंनी मान वर केली.

"हजर," त्या म्हणाल्या.